शिवॉन डॉनही

शिवॉन एमा डॉनही (जन्म : १४ जून १९८४, लंडन) या इंग्लिश गायिका व गीतकार आहेत. 'शुगाबेब्स' या ब्रिटिश गर्ल ग्रुपच्या तीन संस्थापक सदस्यांपैकी त्या एक होत. १९९८ मध्ये स्थापन झालेला हा गट त्यांनी ऑगस्ट २००१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी सोडला. त्यानंतर त्यांचे 'रेव्होल्यूशन इन मी' (२००३) आणि 'घोस्ट्स' (२००७) हे दोन एकल अल्बम प्रसिद्ध झाले. दोन्ही अल्बमची विक्री अल्प झाली. मात्र दुसऱ्या अल्बमने समीक्षकांची विशेष दाद मिळवली. २०१२ मध्ये मूळच्या तिघी पुन्हा एकत्र आल्या. आरंभी त्यांना 'मूटिया कीशा शिवॉन' असे नाव घ्यावे लागले आणि २०१९ पासून त्या पुन्हा शुगाबेब्स या नावाने गाऊ लागल्या. ज्या गटाची सर्वाधिक यशस्वी गाणी आपल्या अनुपस्थितीत तयार झाली, त्याच गटात संस्थापक म्हणून परतणे हा या कारकिर्दीचा वेगळेपणा आहे.

== नाव आणि पार्श्वभूमी ==

डॉनही यांचे कुटुंब आयरिश वंशाचे आहे. 'शिवॉन' हे आयरिश भाषेतील स्त्रीनाम असून आयरिश लेखनपद्धतीत 'भ'सारखे दिसणारे अक्षरजोड 'व' असे उच्चारले जाते. त्यामुळे रोमन स्पेलिंगवरून केलेले 'सिओभान' हे लिप्यंतर चुकीचे ठरते.

== शुगाबेब्समधील काळ (१९९८–२००१) ==

डॉनही आणि मूटिया ब्वेना या दोघींची निवड मुळात स्वतंत्र गायिका म्हणून झाली होती. एकाच कार्यक्रमात गाण्याच्या निमित्ताने त्यांची भेट झाली व दोघींनी एकत्र काम करायचे ठरवले. ब्वेना यांची मैत्रीण कीशा ब्यूकॅनन स्टुडिओत आली आणि तिसरी सदस्य झाली. गटाचे व्यवस्थापन रॉन टॉम यांच्याकडे होते. 'ऑल सेंट्स' या गटाच्या उभारणीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्या वेळी तिघीही तेरा-चौदा वर्षांच्या होत्या आणि लंडन रेकॉर्ड्स या कंपनीशी त्यांचा करार झाला.

पहिले सिंगल 'ओव्हरलोड' सप्टेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या क्रमवारीत सहाव्या स्थानावर पोहोचले. स्पाइस गर्ल्सच्या काळातील गर्ल ग्रुप म्हटले की आखीव नृत्य, एकेका सदस्याला चिकटवलेले टोपणनाव आणि हसरा चेहरा अशी प्रतिमा उभी राहत असे. शुगाबेब्स यांत बसत नव्हत्या. 'ओव्हरलोड'ची चाल थंड आणि अलिप्त, वाद्यमेळ विरळ, आणि मध्ये साध्याशा गिटारचा तुकडा. कॅमेरॉन मॅक्व्हे यांनी या कामात निर्माता म्हणून महत्त्वाचा भाग घेतला होता. मॅसिव्ह अटॅक आणि नेने चेरी यांच्याबरोबरच्या त्यांच्या कामाची छाया या संगीतावर जाणवते. २००१ च्या ब्रिट पुरस्कारांत या गाण्याला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश सिंगल या विभागात नामांकन मिळाले.

'ओव्हरलोड'च्या सहलेखकांत तिन्ही मुलींची नावे आहेत. पुढच्या घडामोडींच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. गटाचे सदस्यत्व करारावर अवलंबून असते आणि ते संपुष्टात येऊ शकते; गीतलेखनाचे श्रेय मात्र गट सोडल्याने जात नाही. गटाचा पहिला अल्बम 'वन टच' नोव्हेंबर २००० मध्ये आला व ब्रिटनमध्ये २६ व्या स्थानापर्यंत गेला. त्यातील 'न्यू इयर' (१२ वे स्थान), 'रन फॉर कव्हर' (१३ वे) आणि 'सोल साउंड' (३० वे) ही सिंगल पाठोपाठ प्रसिद्ध झाली. चढत्या कौतुकाच्या तुलनेत विक्री उतरती राहिली आणि त्या वर्षाअखेरपर्यंत कंपनीने गटाशी संबंध संपवले.

=== गट सोडणे ===

ऑगस्ट २००१ मध्ये गट प्रसिद्धीसाठी जपानच्या दौऱ्यावर असताना डॉनही बाहेर पडल्या. स्वच्छतागृहात जाऊन येते असे सांगून त्या निघाल्या आणि परतल्याच नाहीत, असा किस्सा ब्रिटिश वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे रंगवला. काही कथनांत तर त्या खिडकीतून उतरून गेल्याचे सांगितले जाते. फॅशनच्या क्षेत्रात जायचे असल्यामुळे त्यांनी गट सोडला, असे कारण त्या वेळी पुढे करण्यात आले.

प्रत्यक्षात त्या काळात त्यांना नैराश्याचा विकार जडला होता व पुढे तसे वैद्यकीय निदानही झाले. गटातील बेबनाव हे सोडण्याचे खरे कारण होते, असे त्यांनी नंतरच्या मुलाखतींतून स्पष्ट केले. ब्वेना आणि ब्यूकॅनन यांची आधीपासूनची मैत्री होती, त्यामुळे तिसरी सदस्य एकटी पडे. या प्रसंगाकडे बराच काळ गमतीचा किस्सा म्हणून पाहिले गेले. सतरा वर्षांची आजारी मुलगी, घरापासून हजारो मैल दूर, कामाच्या वेळापत्रकात अडकलेली, ही त्याची दुसरी बाजू मात्र फार उशिरा बोलली गेली. तिघींनीही पुढे आपापल्या परीने मान्य केले की त्या वयात आपसांतील भांडणे हाताळण्याची समज त्यांच्याकडे नव्हती आणि भोवतालच्या प्रौढांनीही ती हाताळली नाहीत.

डॉनही गटात सुमारे तीन वर्षे होत्या. परंतु पहिले सिंगल आणि राजीनामा यांच्यातील अंतर जेमतेम अकरा महिन्यांचे आहे. लोकांसमोर त्यांची शुगाबेब म्हणून ओळख इतकीच.

=== त्यांच्यानंतरचा गट ===

त्यांच्या जागी हायडी रेंज आल्या. योगायोग असा, की रेंज याही दुसऱ्या एका प्रसिद्ध गटाच्या अल्पकाळच्या सदस्य होत्या : 'ॲटॉमिक किटन'च्या संस्थापकांपैकी एक असूनही त्या गटाचे पहिले गाणे येण्यापूर्वीच त्यांनी तो सोडला होता. नव्या शुगाबेब्सने आयलंड रेकॉर्ड्सशी करार केला आणि २००२ मध्ये 'फ्रीक लाइक मी' ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानावर गेले. त्यानंतर 'राउंड राउंड', 'होल इन द हेड', 'पुश द बटन', 'वॉक धिस वे' (गर्ल्स अलाउडसह) आणि 'अबाउट यू नाउ' ही गाणीही अव्वल ठरली. या सहांपैकी एकाही गाण्यात डॉनही यांचा आवाज नाही.

पुढे गटाचे सदस्य एकेक करून बदलत गेले. डिसेंबर २००५ मध्ये ब्वेना गेल्या व अमेल बेराबा आल्या. सप्टेंबर २००९ मध्ये ब्यूकॅनन यांनाही बाजूला करून जेड यूअन यांना घेण्यात आले. तेव्हापासून शुगाबेब्स या गटात स्थापना करणाऱ्यांपैकी कोणीच उरले नाही. जुन्या बोटीची फळी-फळी बदलल्यावर ती तीच बोट राहते का, या प्राचीन ग्रीक कोड्याचे उदाहरण म्हणून इंग्लिश पत्रकारितेत या गटाचा उल्लेख होऊ लागला, तो त्यामुळेच.

== एकल कारकीर्द ==

=== रेव्होल्यूशन इन मी (२००३) ===

गट सोडल्यानंतर सुमारे दोन वर्षांनी डॉनही यांचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. विशेष म्हणजे तो लंडन रेकॉर्ड्सनेच काढला. ज्या कंपनीने गट वगळला तिनेच गट सोडून गेलेल्या गायिकेला संधी दिली आणि वगळलेला गट दुसऱ्या कंपनीत जाऊन अव्वल ठरला. अल्बमच्या निर्मितीत कॅमेरॉन मॅक्व्हे यांचा पुन्हा सहभाग होता, त्यामुळे 'वन टच'शी असलेले नाते तुटले नाही. फक्त गटाच्या संगीतातील नागरी आर अँड बीचा भाग मागे पडला आणि गिटार व पर्यायी रॉककडे झुकणारा सूर पुढे आला. गीते आत्मपर व काहीशी खिन्न आहेत.

'ओव्हररेटेड' हे सिंगल २००३ च्या उन्हाळ्यात १९ व्या स्थानी पोहोचले. एकल गायिका म्हणून डॉनही यांना मिळालेले हे सर्वोच्च स्थान होय. त्यानंतरचे 'ट्विस्ट ऑफ फेट' ५२ व्या स्थानावर थांबले आणि सप्टेंबरअखेरीस आलेला अल्बम ११७ व्या स्थानापलीकडे गेला नाही. येथे त्या काळच्या व्यवसायाची रीत समजून घेणे आवश्यक आहे. डिजिटल विक्री रुजण्यापूर्वी ब्रिटनमध्ये सिंगल हे प्रामुख्याने अल्बमची जाहिरात म्हणून काढले जाई. ते पहिल्या चाळिसात आले नाही तर रेडिओ केंद्रे गाणे वाजवणे थांबवत आणि दुकाने पुढच्या अल्बमची मागणी कमी करत. करारात पुढील अल्बम काढण्याचा पर्याय सहसा कंपनीच्या हाती असतो. पहिल्या अल्बमचा खर्च वसूल झाला नाही तर कंपनी तो पर्याय वापरत नाही. डॉनही यांचा लंडन रेकॉर्ड्सशी संबंध येथेच संपला.

=== घोस्ट्स (२००७) ===

दुसऱ्या अल्बमसाठी चार वर्षे गेली. पार्लोफोन कंपनीशी करार झाल्यावर डॉनही यांनी निर्माते जेम्स सँगर यांच्याबरोबर काम केले. 'कीन' या गटाच्या आरंभीच्या कामाशी सँगर यांचे नाव निगडित आहे. ध्वनिमुद्रणाचा मोठा भाग त्यांच्या फ्रान्समधील स्टुडिओत झाला. लंडनच्या वर्तमानपत्री वर्तुळापासून दूर, सावकाश झालेले हे काम ऐकताना तसेच वाटते. आवाजाचे अनेक थर एकमेकांवर रचलेले, शब्दांपेक्षा नादाला दिलेले महत्त्व, आणि मधूनच उंच पट्टीत निसटणारा स्वर. समीक्षकांनी केट बुश आणि कॉक्टो ट्विन्स यांच्याशी तुलना केली. गर्ल ग्रुपमधून बाहेर पडलेल्या गायिकेच्या बाबतीत ही तुलना सहसा होत नाही.

'घोस्ट्स'मध्ये डॉनही यांच्या आवाजाचे स्वरूपही बदललेले दिसते. 'ओव्हरलोड'मध्ये त्या जवळपास बोलल्यासारख्या, सपाट स्वरात गातात. पहिल्या अल्बममध्ये गिटारशी जमवून घेणारा जाडसर आवाज आहे. 'डोन्ट गिव्ह इट अप' आणि 'सो यू से' या गाण्यांत मात्र तो हलका, तरल आणि वाद्यांमध्ये मिसळणारा होतो. मेडेव्हॅक, हॅल्सियन डेज आणि शीर्षकगीत ही गाणीही जाणकार श्रोत्यांत आवडती आहेत.

विक्रीने मात्र पुन्हा साथ दिली नाही. 'डोन्ट गिव्ह इट अप' ४५ व्या, 'सो यू से' ७६ व्या आणि जूनमध्ये आलेला अल्बम ९२ व्या स्थानावर राहिला. त्याच वर्षी शुगाबेब्सची दोन गाणी पहिल्या स्थानी गेली. या दोन घटना शेजारी ठेवून डॉनही यांच्या निर्णयाला अपयश ठरवण्याचा मोह अनेकांना झाला. पण ज्या प्रकारचे संगीत 'घोस्ट्स'मध्ये आहे ते शुगाबेब्सच्या तत्कालीन रचनेत शक्य नव्हते. अल्बमची मोजदाद आज क्रमवारीतील आकड्यांपेक्षा त्याच्या टिकून राहिलेल्या श्रोतृवर्गाने करणे अधिक योग्य ठरेल.

== रंगभूमी ==

ऑक्टोबर २००७ मध्ये लंडनच्या वेस्ट एंड भागातील ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये 'रेंट रीमिक्स्ड' या संगीतिकेत डॉनही यांनी मिमी ही प्रमुख भूमिका केली. जोनाथन लार्सन यांची मूळ 'रेंट' ही संगीतिका १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आली होती व तिचे कथानक पुच्चीनीच्या 'ला बोएम' या ऑपेरावर बेतलेले आहे. एड्सच्या साथीच्या काळातील गरीब कलावंतांचे जगणे हा तिचा विषय. काइली मिनोग यांच्या कार्यक्रमांचे कल्पक म्हणून ओळखले जाणारे विल्यम बेकर यांनी या नव्या प्रयोगाचे दिग्दर्शन केले. डेनिस व्हॅन आउटेन आणि पुढे चित्रपटांतून प्रसिद्ध झालेले ल्यूक एव्हान्स हे सहकलाकार होते. मूळ संगीतिकेच्या चाहत्यांना हे रूपांतर रुचले नाही, परीक्षणेही बहुतांशी प्रतिकूल आली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये प्रयोग थांबले.

== पुनर्मीलन ==

=== मूटिया कीशा शिवॉन (२०१२–२०१४) ===

२०११ च्या सुमारास शुगाबेब्सचे काम थंडावले होते. मूळच्या तिघी एकत्र गाणी लिहीत असल्याची कुजबुज त्यानंतर सुरू झाली आणि जुलै २०१२ मध्ये त्यांनी पॉलिडोर कंपनीशी करार केल्याचे जाहीर झाले. गटाचे नाव मात्र त्यांना वापरता आले नाही. पॉप गटाचे नाव ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता असते आणि ते नाव ज्यांनी प्रथम धारण केले त्यांच्याच मालकीचे असेल असे नाही. ब्वेना यांनी या नावाच्या काही वापरांसाठी युरोपीय व्यापारचिन्ह कार्यालयाकडे आधीच अर्ज केला होता, तरी प्रश्न सुटलेला नव्हता. म्हणून तिघींनी आपली पहिली नावे जोडून 'मूटिया कीशा शिवॉन' असे लांबलचक नाव घेतले.

१ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमधील स्काला सभागृहात त्यांनी केलेल्या कार्यक्रमाची चांगलीच चर्चा झाली. देव हाइन्स यांच्यासह तयार केलेले 'फ्लॅटलाइन' हे सिंगल त्याच वर्षी आले. समीक्षकांना ते अतिशय आवडले. ब्रिटनच्या क्रमवारीत ते ५० व्या स्थानापर्यंतच गेले. अपेक्षित अल्बम प्रसिद्ध झाला नाही, आणि त्यासाठी केलेली गाणी इंटरनेटवर परवानगीविना फुटली. अप्रकाशित काम असे बाहेर पडले की कंपनीचा त्यातील रस संपतो. डॉनही यांच्या वाट्याला ही परिस्थिती तिसऱ्यांदा आली : प्रशंसा मिळाली, कंपनीचे पाठबळ गेले.

=== पुन्हा शुगाबेब्स (२०१९ पासून) ===

२०१९ मध्ये नाव परत मिळाल्यावर तिघींनी डीजे स्पूनी यांच्या 'गराज क्लासिकल' या प्रकल्पासाठी 'फ्लॉवर्स' हे जुने गाणे शुगाबेब्स म्हणून गायले आणि ग्रॅहम नॉर्टन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते सादर केले. 'वन टच'ला २० वर्षे झाल्याच्या निमित्ताने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची विशेष आवृत्ती निघाली. एमएनईके आणि ब्लड ऑरेंज (देव हाइन्स यांचेच दुसरे नाव) यांनी जुन्या गाण्यांची नवी रूपे त्यासाठी तयार केली. जागतिक साथीमुळे ही आवृत्ती खऱ्या वर्धापनवर्षाच्या नंतर आली.

जून २०२२ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांना ॲव्हलॉन हा तुलनेने लहान मंच मिळाला होता. गर्दी इतकी लोटली की आयोजकांना त्या मैदानाचा प्रवेश बंद करावा लागला. २०२४ मध्ये त्यांना वेस्ट होल्ट्स हा मोठा मंच देण्यात आला, तरी तेथेही गर्दीमुळे प्रवेश थांबवण्याची वेळ आली. या दोन वर्षांच्या मध्ये, १५ सप्टेंबर २०२३ रोजी, लंडनच्या ओटू अरीनात त्यांनी तोवरचा आपला सर्वांत मोठा स्वतंत्र कार्यक्रम केला.

दरम्यान २४ डिसेंबर २०२२ रोजी 'द लॉस्ट टेप्स' हा अल्बम त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. सुमारे दहा वर्षांपूर्वीच्या, फुटलेल्या त्या गाण्यांना अधिकृत रूप मिळाले ते येथे. अल्बमचे प्रकाशन कोणत्याही मोठ्या जाहिरातीविना, नाताळच्या आदल्या दिवशी झाले. चाहत्यांकडे अनेक गाणी आधीच निकृष्ट ध्वनिमुद्रणात होती. तिघींच्या दृष्टीने प्रश्न पैशापेक्षा आपले काम आपल्या नावावर असण्याचा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोबो पुरस्कारांत गटाला 'इम्पॅक्ट' सन्मान देण्यात आला.

पुनर्मीलनानंतरच्या कार्यक्रमांत एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. श्रोते ज्या गाण्यांसाठी येतात त्यांतील बहुतेक २००२ ते २००७ या काळातील आहेत. 'राउंड राउंड' किंवा 'पुश द बटन' वगळून शुगाबेब्सचा कार्यक्रम होऊ शकत नाही. त्यामुळे आपल्या जागी आलेल्या हायडी रेंज यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ओळी आता डॉनही गातात. 'अबाउट यू नाउ'च्या बाबतीत तर ब्वेना याही मूळ ध्वनिमुद्रणात नाहीत. तिघींपैकी फक्त ब्यूकॅनन त्यात होत्या. डॉनही यांनी या ओळींची नक्कल न करता त्या आपल्या हलक्या, वरच्या पट्टीतील आवाजाला अनुरूप करून घेतल्या आहेत, आणि तिन्ही आवाजांची ती जुनी गुंफण या गाण्यांना मूळच्यापेक्षा निराळा पोत देते.

== समांतर उदाहरणे ==

प्रसिद्ध गटातून लवकर बाहेर पडलेल्या गायिकांची वाटचाल एकसारखी नसते. 'इटर्नल'मधून १९९५ मध्ये बाहेर पडलेल्या लुईज नर्डिंग यांनी मुख्य प्रवाहातील पॉप संगीतातच राहून एकल यश मिळवले. 'डेस्टिनीज चाइल्ड'मध्ये २००० साली केवळ सुमारे पाच महिने राहिलेल्या फारा फ्रँकलिन यांची ओळख मात्र त्या पाच महिन्यांशीच बांधलेली राहिली. डॉनही यांचे उदाहरण दोन्हींत बसत नाही. त्यांनी गट सोडताना शैलीही सोडली आणि पुढे गटातच परतल्या.

== अलीकडील काम ==

'व्हेन द रेन कम्स' (२०२३) या सिंगलने मूळ तिघींच्या नव्या लेखनाला सुरुवात झाली. २०२५ मध्ये 'जंगल' आणि 'वीड्स' ही गाणी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी गटाने ब्रिटनमधील मोठ्या अरीनांचा दौरा केला. डॉनही यांचा 'घोस्ट्स'नंतर तिसरा एकल अल्बम आलेला नाही.